नहपानाच्या चेहऱ्यावरचा ठसा

ऐतिहासिक रहस्यांवर माहितीपट करायचाय म्हणून हल्ली कॉलेजची पोरं भेटायला येतात. विषय ठरलेला असतो: गुप्त भुयार, नाहीतर पुरलेलं धन. पुरावा काय विचारलं की म्हणतात, "दादा, तोच तर शोधायचाय." मीही असाच होतो, त्यामुळे हसायला तोंड नाही.

माझी पहिली फिल्म जोगलटेंभीच्या नाण्यांवर. नाशिकजवळच्या या गावात १९०६ साली क्षत्रप (म्हणजे शक राजा) नहपानाची तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी सापडली. त्यांतल्या सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला. राजाच्या चेहऱ्यावर दुसऱ्या राजाचं चिन्ह! मी लगेच निवेदन लिहून टाकलं, 'सातकर्णीने नहपानाला रणांगणात ठार केलं.' खाली ढोलताशे.

रफ कट बघायला नाण्यांचा अभ्यास असलेल्या एका काकांना बोलावलं. त्यांनी तिथेच थांबवलं. "ठार केलं हे नाण्यावर कुठे दिसतंय रे?"

कुठेच नव्हतं. वरचा ठसा नंतरचा आणि नहपानाचं चलन सातकर्णीच्या हाती आलं, एवढंच नाणं सांगतं. नाशिकच्या पांडवलेण्यांत तीन क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे. सातकर्णीने क्षहरातांचा, म्हणजे नहपानाच्या घराण्याचा, वंश निःशेष केला, असं त्यात येतं. पण तो कोरवला आईने, नातू पुळुमावीच्या राज्याच्या १९व्या वर्षी. लेकाचं कौतुक करणारी आई ही साक्षीदार खरी, पण तिची उलटतपासणी नको का?

पुढे दहा क्रमांकाचं लेणं. तिथे नहपानाच्या जावयाचे, उषवदाताचे लेख आहेत, ४१, ४२, ४५ अशी वर्षं देणारे. ही वर्षं शक संवताची धरली तर ४५ म्हणजे इ.स. १२३च्या आसपास, नहपानाची स्वतःची राज्यवर्षं धरली तर सगळा हिशेबच बदलतो. या वादावर मी सहा मिनिटं दिली. मित्र म्हणाले, लोक उठून जातील. कोणी उठलं नाही.

आता कामाचं. लेणी संरक्षित आहेत, तेव्हा चित्रीकरणाआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची परवानगी काढा. मी ट्रायपॉड खांद्यावर टाकून तसाच चढलो आणि पहारेकऱ्याने तसाच खाली पाठवला, तेही भर उन्हात. कोरीव अक्षरांवर समोरून उजेड टाकला तर ती सपाट होतात. बाजूने, भिंतीला घासून येणारा उजेड हवा. नाण्यांसाठी अंजनेरीची नाणकशास्त्र संशोधन संस्था गाठा. लेण्यांसाठी आधी १८८३चं नाशिक गॅझेटियर वाचा, त्यात पंडित भगवानलाल इंद्रजींनी लेख वाचून दिलेत. निवेदनातल्या प्रत्येक वाक्यापुढे समासात आधार लिहायचा. आधार नसेल तिथे 'बहुधा' घालायचं किंवा वाक्य कापायचं. माझी अकरा वाक्यं गेली, ढोलताशेही.

नंतर गावात पडदा लावून फिल्म दाखवली. संपल्यावर मागच्या रांगेतल्या आजी म्हणाल्या, "समदं खरं, पण एवढं पैकं आमच्या शिवारात पुरलं कोनी?"

ते मला माहीत नव्हतं. दुसऱ्या कटमध्ये शेवटी आजींचा आवाज ठेवलाय.