सायलेन्सर कापण्याआधी गेज लावा

गाडीचा आवाज बदलायचा म्हटलं की लोक थेट मागचा मफलर, म्हणजे सायलेन्सर, उडवायला निघतात. मी आधी दाब मोजणारा गेज लावतो. कंपनीच्या एक्झॉस्टमध्ये वायू नेमका कुठे अडतोय हे कळल्याशिवाय पाइपला ग्राइंडर लावणं मला पटत नाही. आवाज आणि ताकद एकाच जागी सापडत नाहीत. आवाज बराचसा मागच्या भागात घडतो, ताकद बरीचशी पुढच्या भागात अडकलेली असते.

मोजायला फार काही लागत नाही. ० ते १५ पीएसआयचा (पीएसआय हे दाबाचं एकक) कमी दाबाचा गेज, एक्झॉस्टमधल्या पुढच्या, इंजिनकडच्या ऑक्सिजन सेन्सरच्या भोकात बसणारा अ‍ॅडॉप्टर आणि त्याला जोडलेली अर्धा मीटर धातूची नळी. रबरी नळी त्या धातूच्या नळीच्या पुढेच लावा, नाहीतर ती वितळते. बहुतेक गाड्यांत सेन्सरचे आटे एम १८ बाय १.५ चे असतात. सेन्सर सैल करताना इंजिन कोमट असावं. अगदी गार झाला की तो हट्ट धरतो आणि जोर लावला की आटे घेऊन बाहेर येतो. गंज असेल तर आदल्या रात्रीच भेदक तेल मारून ठेवा.

आयडलला (गाडी उभी, थ्रॉटल न देता) दाब १.२५ पीएसआयच्या आत आणि २५०० आरपीएमला ३ च्या आत असायला हवा. याहून जास्त दिसला तर तो बिघाड आहे. कॅट (धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) तुंबलाय किंवा दुपदरी पाइपचा आतला पत्रा बसलाय. तो आधी दुरुस्त करा, गेलेला पिकअप तेवढ्यानेच परत येतो. दाब ठीक असेल तर मोकळ्या, सुरक्षित जागी सोबत कुणाला तरी गेज वाचायला बसवा आणि दुसऱ्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटलवर आकडा घ्या. मग हाच गेज कॅटच्या मागच्या सेन्सरच्या जागी लावून पुन्हा घ्या. समजा पुढे ६ आले आणि मागे २. म्हणजे ४ पीएसआय कॅटमध्येच जातायत आणि मागचा अख्खा पाइप बदललात तरी हाती लागणार ते फक्त त्या २ मधलं थोडंसं. सेन्सर काढल्यामुळे इंजिनचा दिवा लागेल. सेन्सर परत बसवून स्कॅनरने कोड पुसला की झालं.

कॅट मात्र काढू नका. तो कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेलं इंधन पचवतो. तो काढणं बहुतेक देशांत गुन्हा आहे, आणि गाडीमागून येणारा तो उग्र वास घरच्यांनी का सोसायचा? शिवाय मागचा सेन्सर कॅटवरच नजर ठेवून असतो. कॅट नाही किंवा काम करत नाही म्हटल्यावर पी०४२० हा बिघाडाचा कोड येणारच. तुंबला असेल तर नवा, योग्य मापाचा बसवा आणि जुन्याच जागी बसवा. मागे सरकवला की त्याला तापायला वेळ लागतो, आणि साधारण २५० ते ३०० अंशांपर्यंत तापेपर्यंत तो नीट कामाला लागत नाही.

आता पाइपचा व्यास. ‘इंजिनला थोडं बॅकप्रेशर (बाहेर जाणाऱ्या वायूला होणारा उलटा दाब) लागतंच’ हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. बॅकप्रेशर कुठल्याच इंजिनला नको असतं. हवा असतो तो वायूचा वेग. प्रत्येक सिलिंडरमधून सुटलेला झोत आपल्या मागे कमी दाब सोडतो आणि तो दाब पुढच्या झोताला ओढून घेतो. पाइप गरजेपेक्षा रुंद केला की वेग मंदावतो, ओढ संपते आणि गाडी खालच्या आरपीएमला मरगळते. २ इंचीवरून अडीच इंचीवर गेलात की क्षेत्रफळ ५६ टक्क्यांनी वाढतं, म्हणून अर्धा इंच म्हणजे किरकोळ असं समजू नका. टर्बो नसलेल्या १.२ ते १.६ लिटर इंजिनला मी पावणेदोन ते दोन इंच देतो, दोन लिटरला सव्वादोन. टर्बोचं गणित वेगळं. तिथे टर्बाइनच्या मागे जितकं मोकळं तितकं चांगलं, म्हणून अडीच ते तीन इंच चालतात आणि ताकद खऱ्या अर्थाने वाढते ती डाउनपाइपमध्ये, म्हणजे टर्बोला लागून असलेल्या पहिल्या पाइपमध्ये.

वळणं मँड्रेल बेंडच, म्हणजे आतून आधार देऊन वाकवलेलीच घ्या. साध्या मशिनवर वाकवलेला पाइप वळणावर चपटतो, आणि महागडा रुंद पाइप घेऊन तिथेच तो अरुंद करून ठेवण्यात काय अर्थ आहे?

हेडर, म्हणजे सिलिंडरमधून निघणाऱ्या नळ्यांचा जुडगा (कंपनीचा तो मॅनिफोल्ड), बदलायचा विचार असेल तर चार सिलिंडरला ४-२-१ रचना (चार नळ्यांच्या दोन, दोनांची एक) रोजच्या वापरासाठी उत्तम. फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) १-३-४-२ असेल तर १ आणि ४ ची जोडी, २ आणि ३ ची जोडी. म्हणजे जोडीतले झोत समान अंतराने येतात आणि एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. ४-१ रचना वरच्या आरपीएमला खुलते. पण अनेक नव्या गाड्यांत मॅनिफोल्ड हेडमध्येच ओतलेला असतो किंवा कॅट त्याला चिकटलेला असतो. तिथे हा विषय सोडून द्या. हेडरनंतर ईसीयूचं (इंजिन चालवणाऱ्या संगणकाचं) ट्यूनिंग करून घेतलं तरच पैसे वसूल होतात. आणि टर्बो नसलेल्या छोट्या इंजिनात फक्त कॅटच्या मागचा भाग बदलून मोजके बीएचपी मिळतात, कधी तेही नाही. तिथे आवाजासाठी खर्च करतोय हे मनाशी कबूल करून काम काढा.

आवाजाकडे येऊ. कंपनीचा मफलर बहुधा कप्प्यांचा असतो. वायू आत फिरतो, लाटा एकमेकींना मारतात. त्याऐवजी सरळ आरपार जाणारा मफलर घ्या: मधे भोकांची जाळीदार नळी, भोवती आवाज शोषणारी लोकर. मफलर लांब घ्या, खर्ज लांबीतून येतो. जाळीला लागून स्टीलच्या लोकरीचा थर आणि त्यावर काचतंतू किंवा बेसॉल्टची लोकर अशी भरण असेल तर ती टिकते. नुसते काचतंतू भरले की ते हळूहळू भोकांतून उडून जातात आणि आवाज भसाडा होतो. मधला रेझोनेटर (कर्कश सूर मारणारा छोटा डबा) राहू द्या. तो निघाला की छोटी इंजिनं फाटक्या पत्र्यासारखी किंचाळतात.

सगळ्यात जास्त लोक पस्तावतात ते घुमण्यामुळे. गाडी एका ठराविक वेगाला आली की केबिनमध्ये खोल घूं घूं सुरू होतं आणि लांबच्या प्रवासात डोकं उठतं. याचं गणित सोपं आहे आणि मला ते फार आवडतं. चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या (इंजिनच्या मुख्य दांड्याच्या) दर फेऱ्याला दोन स्फोट होतात. गाडी २४०० आरपीएमला घुमत असेल तर सेकंदाला ४० फेरे, म्हणजे ८० स्फोट, म्हणजे ८० हर्ट्झ. हा एक सूर मारायला मुख्य पाइपला एक बंद तोंडाची फांदी जोडायची, इंग्रजी J च्या आकारात वळवलेली. तिची लांबी त्या लाटेच्या एक चतुर्थांश ठेवायची. लाट आत जाऊन टोकावर आपटून परत येते तेव्हा बरोबर अर्धा फेरा मागे पडलेली असते आणि मूळ लाटेला खोडून काढते.

चूक होते ती ध्वनीचा वेग धरताना. २० अंशांच्या हवेत तो सेकंदाला ३४३ मीटर असतो, पण फांदीतला वायू २०० अंशांच्या आसपास असला तर साधारण ४३५. ४३५ ला ८० ने आणि मग ४ ने भागा: सुमारे १.३६ मीटर. ३४३ धरून केलेला हिशोब १.०७ मीटर देतो, आणि गरम झाल्यावर तो पाइप ३००० आरपीएमच्या वरचा सूर खातो. तुमचा घुमणारा सूर जागच्या जागी. म्हणून मी फांदी थोडी लांब कापतो आणि टोकाला आत-बाहेर सरकणारी बंद नळी क्लँपने धरतो. गाडी चालवून, सरकवून, पुन्हा चालवून जागा सापडली की मगच वेल्ड. फांदीचा व्यास मुख्य पाइपइतकाच हवा आणि तिचं तोंड मफलरच्या आधी, इंजिनच्या बाजूला. पाइपच्या शेपटीशी दाबाची लाट जवळजवळ शून्य असते, तिथे ती काही करू शकत नाही.

बसवताना गाडी घोड्यांवर (जॅक स्टँडवर) घ्या, नुसत्या जॅकवर कधीच नाही. वेल्डिंगआधी बॅटरी सोडा. गॅल्वनाइज्ड पाइपला हात लावू नका, जस्ताचा धूर माणसाला आजारी पाडतो. पाइप आधी गाडीखाली नुसते टॅक (वेल्डचे छोटे ठिपके) मारून जमवा, पूर्ण वेल्ड खाली काढून करा. इंधन टाकीजवळ ठिणगी उडवायचीच नाही. ३०४ स्टेनलेस असेल तर वेल्डिंग करताना पाइपमधून आरगॉन सोडा, नाहीतर जोडाच्या आतल्या बाजूला काळी खरखरीत साय धरते, जोड कमकुवत होतो आणि वायूलाही अडवते. टाकी, ब्रेकच्या नळ्या आणि बॉडीपासून दोन सेंटिमीटर तरी मोकळी जागा ठेवा. इंजिन थ्रॉटलला हलतं, म्हणून पुढचा फ्लेक्स पाइप आणि रबरी हँगर कायम ठेवा. शेपटी बंपरच्या बाहेर संपली पाहिजे, नाहीतर धूर डिकीतून आत येतो.

गळती थंड एक्झॉस्टवर शोधा. व्हॅक्यूम क्लीनरची हवा बाहेर फेकणारी बाजू शेपटीत घाला, भोवती फडकं गुंडाळा आणि जोडांवर साबणाचं पाणी मारा. बुडबुडे दिसले तिथे गळतंय. पुढच्या सेन्सरच्या आधीची बारीक गळतीही सोडू नका. तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते, ईसीयूला इंधन कमी पडतंय असं वाटतं आणि तो उगाच जास्त इंधन ओततो.

तापून-गार होऊन झाल्यावर सगळे फ्लँज (पाइप जोडणाऱ्या बोल्टच्या चकत्या) पुन्हा आवळा. मग गेज त्याच भोकात, त्याच गिअरमध्ये लावून नवा आकडा जुन्याशेजारी लिहा. आवाज मोजायला मीटर पाइपच्या तोंडापासून अर्धा मीटर लांब, ४५ अंशांच्या कोनात, तोंडाच्याच उंचीवर धरा. उभ्या गाडीच्या अधिकृत चाचणीतही तो असाच धरतात. आकडा तुमच्या भागातल्या मर्यादेच्या वर गेला तर शेपटीकडे आणखी एक छोटा आरपार मफलर जोडा. त्याने दाब फारसा वाढत नाही, आणि वाढला तर गेज सांगेलच.