बर्फाची सुट्टी आणि घरात मुलं: या चुका टाळा

खूप बर्फ पडला की शाळेला सुट्टी असल्याचा मेसेज पहाटेच येतो आणि उत्साही आईबाप तो वाचून झोपलेल्या मुलांना उठवायला धावतात. ही पहिली चूक. मुलं आठला उठली तरी सुट्टी तेवढीच असते आणि तुमचा दिवस दोन तासांनी लहान होतो.

आता माझ्या खास रागाची चूक: आधी कपडे, मग बाथरूम. दरवर्षी पहिला बर्फ पडला की घरोघरी हेच चालू असतं. आमच्याकडेही झालंय. धाकटा तेव्हा चार वर्षांचा. थर्मल, मोजे, स्वेटर, स्नो पँट, बूट, जॅकेट, टोपी, हातमोजे असं सगळं चढवायला मला वीस मिनिटं लागली. दाराची कडी काढली आणि मागून आवाज आला, "आई, सू." "आत्ताच विचारलं होतं ना?" "तेव्हा नव्हती आली." बूट काढल्याशिवाय स्नो पँट निघत नाही, जॅकेट काढल्याशिवाय तिचे पट्टे सुटत नाहीत. म्हणजे सगळंच उतरवायचं. तेवढा वेळ मोठी मुलगी पूर्ण जामानिमा करून गरम घरात उभी. घामाघूम झाली, रडकुंडीला आली. शेवटी बाहेर पडलो आणि दहा मिनिटांत तीच कुडकुडायला लागली, कारण आतला कॉटनचा टीशर्ट घामाने भिजला होता. कॉटन पाणी धरून ठेवतं आणि ओला कपडा अंगातली ऊब ओढून घेतो. पंचेचाळीस मिनिटांची तयारी, पंधरा मिनिटांचा खेळ.

तेव्हापासून आमच्याकडे क्रम ठरलेला आहे. आधी सगळ्यांनी बाथरूमला जायचं, आली असो वा नसो. मग माझे स्वतःचे कपडे, जॅकेट सोडून. मुलांच्या अंगाला लागून कॉटन नाही. लोकर किंवा सिंथेटिक. स्नो पँट आधी, बूट नंतर, आणि पँटची आतली झालर बुटावरून खाली ओढायची. लांब मनगटाचे हातमोजे जॅकेटच्या आधी घालायचे, म्हणजे बाही वरून येते आणि मनगटात बर्फ शिरत नाही. चेन मी लावते. जॅकेट आणि टोपी दाराशी, अगदी शेवटी. "आमचा मुलगा स्वतःचं स्वतः घालतो" म्हणणाऱ्यांनी खुशाल घालू द्यावं, पण मग घाई करू नये.

घट्ट बुटात दोन-दोन मोजे कोंबू नका. पाय दाबला जातो, आत हवा राहत नाही आणि बोटं उलट जास्त गारठतात.

स्नोमॅनचा हट्ट. खूप थंडीत पडलेला बर्फ कोरड्या रव्यासारखा असतो, कितीही थापा, गोळा होत नाही. तापमान शून्याच्या आसपास असलं की बर्फात थोडा ओलावा येतो आणि तो चिकटतो. मूठभर घेऊन दाबून बघा. भुरभुरला तर दुपारपर्यंत थांबा किंवा घसरगाडी काढा. मुलं रडतात ती बर्फामुळे नाही, तुम्ही सकाळीच स्नोमॅनचं वचन देऊन बसलात म्हणून.

दोन गोष्टींवर मात्र माझ्याकडे चर्चा नसते. रस्त्याकडेच्या बर्फाच्या ढिगात बोगदा खणायचा नाही. छत कोसळतं आणि बर्फ ढकलणाऱ्या गाडीच्या चालकाला आतलं मूल दिसत नाही. आणि तुम्ही फावड्याने गाडी मोकळी करत असताना "आत बस, ऊब येईल" म्हणून चालू गाडीत मुलांना बसवायचं नाही. धुराची नळी बर्फात बुजलेली असेल तर कार्बन मोनॉक्साइड गाडीत भरतो आणि त्याला वासही नसतो.

बोटं पांढरी पडून बधिर झाली तर चोळू नका, कढत पाण्यातही घालू नका. कोमट पाणी पुरतं. रंग आणि जाणीव परत येत नसेल तर डॉक्टर.

आता दुसरी मोठी चूक: सगळा दारूगोळा सकाळीच उडवणं. एका वर्षी मी फ्रीजवर वेळापत्रक लावलं होतं. रंग, माती, कागदी मुखवटे, पिशवीत आइस्क्रीम. सव्वादहाला सगळं संपलं. आइस्क्रीमने तर धडाच शिकवला. छोट्या पिशवीत दूध-साखर, ती मोठ्या पिशवीत बर्फ आणि मिठात ठेवायची आणि हलवत राहायचं. मिठाने बर्फाचा वितळणबिंदू खाली येतो, मिश्रण शून्याच्या बरंच खाली जातं. पुरेसं मीठ असेल तर उणे २१ अंशांपर्यंत. मुलीने पिशवी उघड्या हातांनी धरली होती. पाच मिनिटांत तळहातावर लालभडक चट्टा. आता पिशवीभोवती जाड टॉवेल आणि हातात मोजे, नाहीतर आइस्क्रीम नाही.

टीव्हीचंही तेच. सकाळी आठला लावलात की संध्याकाळी लाच द्यायला हातात काही उरत नाही.

मी आता सकाळ मोकळी सोडते. कंटाळू देत, भांडू देत. खरी कठीण वेळ दुपारी तीननंतरची असते, त्यासाठी एकच गोष्ट झाकून ठेवते. बर्फ पडत असेल तर बर्फाच्या पाकळ्या झेलून बघायला काळा कागद आणि भिंग. बहुतेक जण घरातला उबदार कागद बाहेर नेतात, पाकळी पडताक्षणी विरघळते आणि "काही दिसत नाही" म्हणून परत येतात. कागद आणि भिंग अर्धा तास आधी बाहेर आडोशाला ठेवा. पाकळीवर श्वास सोडू नका. मग सहा टोकं स्पष्ट दिसतात. अमेरिकेतल्या व्हरमाँटचा शेतकरी विल्सन बेंटली याने १८८५ मध्ये, विशीही गाठली नव्हती तेव्हा, सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून अशा एका पाकळीचा फोटो काढला आणि पुढे आयुष्यभरात पाच हजारांवर फोटो जमवले. तुमच्या मुलाला दहाच पाकळ्या सापडल्या तरी पुष्कळ.

परत आल्यावर हातमोजे हीटरवर वाळत घालू नका. हीटरपासून मीटरभर लांब, दोरीवर, तोंड खाली करून. बुटांचं आतलं अस्तर काढून वेगळं ठेवा. आणि हातमोज्यांची दुसरी जोडी आधीच दाराशी ठेवा, कारण पहिली अजून ठिबकत असतानाच धाकटा विचारतो, "परत कधी जायचं?"