परदेशात वाढलेल्या मुलाला भारताकडून फुटबॉल खेळायचे असेल तर

२०२२ च्या विश्वचषकात उपांत्य फेरी गाठणाऱ्या मोरोक्कोच्या २६ खेळाडूंपैकी १४ जणांचा जन्म मोरोक्कोबाहेर झाला होता. अश्रफ हकीमी माद्रिदमध्ये जन्मला, गोलरक्षक यासीन बुनू माँट्रियलमध्ये, तर हकीम झियेश नेदरलँड्समध्ये. लंडन, टोरांटो किंवा मेलबर्नमध्ये राहणाऱ्या आणि मुलाला तिथल्या अकादमीत घातलेल्या मराठी किंवा गोमंतकीय आईवडिलांच्या मनात यावरून एक प्रश्न सहज येतो, की आपल्या मुलाला भारताकडून खेळता येईल का. येईल, पण त्यासाठी तीन गोष्टी याच क्रमाने तपासाव्या लागतात: मुलाचे नागरिकत्व, फिफाला मान्य होईल असे भारताशी नाते, आणि त्याने यापूर्वी दुसऱ्या देशाकडून खेळलेले सामने. चर्चा बहुधा दुसऱ्या गोष्टीची होते. भारताच्या बाबतीत खरी अडचण पहिलीच आहे.

मोरोक्कोच्या खेळाडूंना जन्मदेशाचा पासपोर्ट सोडावा लागला नाही. भारतात मात्र नागरिकत्व कायदा, १९५५ च्या कलम ९ नुसार स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले की भारतीय नागरिकत्व संपते. भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड म्हणजे नागरिकत्व नव्हे. त्या कार्डावर भारतात घर घेता येते, नोकरी करता येते, पण भारताच्या संघातून खेळता येत नाही. केंद्र सरकारने २००८ मध्ये स्वीकारलेल्या धोरणानुसार राष्ट्रीय संघात केवळ भारतीय नागरिकांनाच स्थान आहे. म्हणून ओसीआयच्या भरवशावर कोणताही बेत आखू नये.

मूल अजून लहान असेल आणि त्याच्या जन्माच्या वेळी आई किंवा वडील भारतीय नागरिक असतील, तर कलम ४ काळजीपूर्वक वाचावे. ३ डिसेंबर २००४ नंतर परदेशात जन्मलेल्या अशा मुलाला वंशपरंपरेने भारतीय नागरिकत्व मिळू शकते, मात्र त्याच्या जन्माची नोंद एका वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत व्हावी लागते आणि मुलाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असे आईवडिलांनी लिहून द्यावे लागते. वर्ष उलटून गेले असेल तर केंद्र सरकारची परवानगी लागते. जन्मदेशाने त्याला आपोआप नागरिकत्व दिले असेल, तर वयाची १८ वर्षे पूर्ण झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत ते सोडावे लागते, अन्यथा भारतीय नागरिकत्व जाते. केवळ फुटबॉलसाठी तान्ह्या बाळाचे नागरिकत्व ठरवावे असे मी म्हणणार नाही. पण हा पर्याय आहे हेच बहुतेकांना कळत नाही, आणि कळते तेव्हा मुदत संपलेली असते, याचे वाईट वाटते.

सज्ञान खेळाडूसाठी कलम ५ खाली दोन वाटा आहेत. तो स्वतः किंवा त्याची आई अथवा वडील पूर्वी स्वतंत्र भारताचे नागरिक असतील, तर अर्जापूर्वी सलग १२ महिने भारतात वास्तव्य असावे लागते. दुसऱ्या वाटेत पाच वर्षे ओसीआय असणे आणि पुन्हा तेच १२ महिन्यांचे वास्तव्य, या अटी आहेत. विशेष परिस्थितीत सरकार या १२ महिन्यांत जास्तीत जास्त ३० दिवसांची सूट देऊ शकते, तेव्हा परदेशातील सराव शिबिरे आणि घरच्या भेटी मोजूनच ठरवाव्यात. व्यवहारात याचा अर्थ असा, की आधी भारतातील क्लबशी करार करावा आणि तो काळ परदेशी खेळाडू म्हणून काढावा. अराता इझुमीने हेच केले. जपानमध्ये जन्मलेला आणि गुजराती वडिलांचा हा मधल्या फळीतील खेळाडू मुंबईच्या महिंद्रा युनायटेडकडून आणि नंतर पुणे एफसीकडून खेळला, जपानचे नागरिकत्व सोडून भारतीय झाला आणि २०१३ मध्ये भारताकडून मैदानात उतरला.

आता फिफाची अट पाहू. जो जन्मापासूनच त्या देशाचा नागरिक आहे त्याला वेगळे नाते दाखवावे लागत नाही. नव्याने नागरिकत्व घेणाऱ्याला मात्र चारपैकी एक गोष्ट सिद्ध करावी लागते: स्वतःचा जन्म त्या देशात झाला, आई किंवा वडिलांचा जन्म तिथे झाला, आजी किंवा आजोबांचा जन्म तिथे झाला, किंवा खेळाडू स्वतः तिथे ठरावीक काळ राहिला. सज्ञान खेळाडूसाठी हा काळ पाच वर्षांचा आहे. नाते आजी-आजोबांपर्यंतच मोजले जाते आणि ते रक्ताचे असावे लागते. पूर्व आफ्रिकेत दोन-तीन पिढ्या काढून मग इंग्लंडला गेलेल्या गोमंतकीय कुटुंबांनी इथे विशेष लक्ष द्यावे. पणजोबा साळगावचे, पण चारही आजी-आजोबा आणि आईवडील नैरोबीत जन्मलेले असतील, तर घरात कोकणी बोलली जात असली तरी फिफाच्या दृष्टीने ते नाते पुरेसे नाही, आणि पाच वर्षांच्या वास्तव्याचाच मार्ग उरतो.

सर्वाधिक वेळ कागदपत्रांना द्यावा, कारण महाराष्ट्रातील जुन्या नोंदी सरळ क्वचितच मिळतात. आजीच्या जन्माच्या नोंदीत अनेकदा तिचे नावच नसते. वडिलांचे नाव आणि पुढे ‘मुलगी’ एवढेच लिहिलेले असते. लग्नानंतर आडनावाबरोबर पहिले नावही बदलण्याची रीत असल्याने माहेरची आणि सासरची व्यक्ती एकच आहे हे वेगळे सिद्ध करावे लागते. त्यासाठी विवाहनोंद, शाळा सोडल्याचा दाखला आणि असल्यास राजपत्रातील नावबदल एकत्र लावावेत. ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत नोंद सापडली नाही, तर तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक, तपासायला सांगावे. पान मोडी लिपीत असेल तर जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्यावे. गोव्यात नागरी नोंदणी कार्यालयातील पोर्तुगीजकालीन नोंदी पाहाव्यात. प्रत्येक नक्कल मूळ नोंदीवरूनच प्रमाणित करून घ्यावी, आणि ‘दाखला मिळवून देतो’ म्हणणाऱ्या मध्यस्थाला दारातूनच परत पाठवावे. मलेशियाने परदेशात जन्मलेल्या सात खेळाडूंना आजी-आजोबांच्या जन्मदाखल्यांवरून संघात घेतले. मूळ नोंदी तपासल्यावर ते आजी-आजोबा मलेशियात जन्मलेच नव्हते असे आढळले आणि सप्टेंबर २०२५ मध्ये फिफाने सातही जणांवर १२ महिन्यांची बंदी व संघटनेला दंड जाहीर केला. मुलाची कारकीर्द अशा कागदावर उभी करणे हा त्याच्यावरचा अन्यायच आहे.

तिसरी बाब म्हणजे आधीचे सामने. मैत्रीपूर्ण सामन्यामुळे खेळाडू त्या देशाशी कायमचा बांधला जात नाही, अधिकृत स्पर्धेतील सामन्यामुळे मात्र प्रश्न उभा राहतो. वयोगटाच्या संघाकडून अधिकृत स्पर्धेत खेळला असेल आणि त्या वेळी भारतीय नागरिक नसेल, तर असा शेवटचा सामना २१ वर्षे पूर्ण होण्यापूर्वीचा असायला हवा. २०२० मध्ये फिफाने वरिष्ठ संघाकडून अधिकृत स्पर्धेत खेळलेल्यांनाही संघ बदलण्याची मर्यादित मुभा दिली, पण तिच्यासाठी पहिल्या अधिकृत सामन्याच्या वेळीच नव्या देशाचे नागरिकत्व हातात असावे लागते. भारत दुहेरी नागरिकत्व देत नसल्यामुळे आपल्या मुलांना त्या सवलतीचा जवळजवळ काहीच उपयोग नाही. म्हणून इंग्लंड, कॅनडा किंवा ऑस्ट्रेलियाच्या युवा संघाचे बोलावणे आले की आनंदाने जावे, पण कोणता सामना कोणत्या स्पर्धेतला आणि तेव्हा वय किती, याची तारखेनिशी नोंद ठेवावी.

रायन विल्यम्सचे उदाहरण या तिन्ही बाबींना लागू पडते. पर्थमध्ये जन्मलेल्या या खेळाडूची आई मुंबईची, आणि आईचे वडील १९५० च्या दशकात संतोष करंडकात, म्हणजे राज्यांच्या संघांच्या राष्ट्रीय स्पर्धेत, मुंबईकडून खेळलेले. ऑस्ट्रेलियाच्या वरिष्ठ संघाकडून २०१९ मध्ये दक्षिण कोरियाविरुद्ध त्याने खेळलेला एकमेव सामना मैत्रीपूर्ण होता. बेंगळुरू एफसीकडून खेळत असताना त्याने ऑस्ट्रेलियाचे नागरिकत्व सोडले आणि २०२५ मध्ये तो भारतीय झाला. तरीही त्या नोव्हेंबरमध्ये ढाक्यात बांगलादेशविरुद्ध त्याला खेळता आले नाही, कारण संघबदलाचे सोपस्कार वेळेत पूर्ण झाले नव्हते. हा अर्ज खेळाडू परस्पर करत नाही. तो अखिल भारतीय फुटबॉल महासंघामार्फत फिफाकडे जातो आणि निर्णय होईपर्यंत खेळाडूला कोणत्याच देशाकडून खेळता येत नाही.

गोव्यात वाढणाऱ्या मुलांसाठी हाच प्रश्न उलट दिशेने येतो. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांच्या वंशजांना पोर्तुगीज नागरिकत्व मिळवता येते, आणि युरोपात कामासाठी अनेक घरे ते घेतात. पण तो पासपोर्ट घेतला की भारतीय नागरिकत्व जाते आणि त्याबरोबर राष्ट्रीय संघातील जागाही. राज्याच्या वयोगट संघात निवड झालेल्या मुलाच्या घरी हा अर्ज भरण्यापूर्वी मुलाशी बोलणे अत्यंत आवश्यक आहे.

परदेशी नागरिकत्व सोडण्याचा अर्ज सर्वांत शेवटी करावा. त्याआधी आजी-आजोबांपर्यंतच्या प्रमाणित नकला आणि खेळलेल्या सामन्यांची यादी महासंघाकडे देऊन, फिफाच्या नियमांनुसार खेळाडू पात्र ठरतो का, याचे लेखी उत्तर मागावे. ते उत्तर निवडीची हमी नसते, हे खेळाडूला स्पष्ट सांगावे: प्रशिक्षकाने कधीच बोलावले नाही तरी भारतीय पासपोर्टवर भारतातच कारकीर्द करण्याची त्याची तयारी आहे का, हे त्याने स्वतः ठरवायचे आहे.