कृष्णा नदीचं पुस्तक कृष्ण देवाच्या खात्यात जाऊ नये म्हणून : लायब्ररी रेकॉर्डमधे आयडेंटिफायर कसे टाकायचे

मी सांगलीजवळच्या एका कॉलेजच्या लायब्ररीत कॅटलॉगिंगचं काम बघतो, सॉफ्टवेअर कोहा. २०१९ च्या महापुरावरचा एक रिपोर्ट आला होता, विषय टाकायचा म्हणून लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकेतल्या लायब्ररीच्या विषयांच्या यादीत रोमनमधे कृष्णा टाइप केलं, वर जे आलं त्याचा नंबर उचलला, सेव्ह केलं आणि चहाला गेलो. काही महिन्यांनी मराठी विभागाच्या मॅडम विचारायला आल्या की भक्तिसाहित्याच्या यादीत हा पुराचा रिपोर्ट काय करतोय. मराठीत कृष्ण आणि कृष्णा यातला फरक एका कान्यावर भागतो, रोमनमधे दोन्हीचं स्पेलिंग एकच. मी नदीच्या पुस्तकाला देवाचा नंबर लावला होता.

तर आयडेंटिफायर म्हणजे काय, एवढंच की शब्द बदलला, स्पेलिंग बदललं, भाषा बदलली तरी तो नंबर त्याच एका गोष्टीकडं बोट दाखवतो. आपले अण्णाभाऊ साठे घ्या. कुणी अण्णाभाऊ जोडून लिहितं, कुणी अण्णा भाऊ तोडून, मूळ नाव तुकाराम भाऊराव, त्यात इंग्रजी स्पेलिंगच्या चार तऱ्हा. पण वाटेगावात १९२० साली जन्मलेला माणूस एकच, म्हणून नंबरही एकच लागला पाहिजे. गावांचंही तसंच. इस्लामपूरचं नाव ईश्वरपूर करायचं सरकारनं २०२५ मधे जाहीर केलं, जिओनेम्स या जगभरच्या जागांच्या यादीतला गावाचा नंबर काय त्यामुळं बदलत नाही.

आता कसं करायचं ते. कॉम्प्युटरला हात लावायच्या आधी कागदावर मराठीत एक ओळ लिहा, हे पुस्तक कशाबद्दल आहे, आणि ती गोष्ट माणूस आहे, जागा आहे, विषय आहे की साहित्यप्रकार. मला आधी हा वेळेचा अपव्यय वाटायचा पण सगळ्या चुका इथंच होतात. नदी ही जागा, म्हणजे मार्कमधे (लायब्ररी रेकॉर्ड लिहायची पद्धत, त्यात प्रत्येक माहितीला आकडी फिल्ड असतं) ६५१. पूर हा विषय, म्हणजे ६५०. आत्मचरित्र हा प्रकार असेल तर ६५५, पण पुस्तक आत्मचरित्र या प्रकाराबद्दलच असेल तर परत ६५०. आणि सातारा लिहिताना सातारा शहर की सातारा जिल्हा हे ठरवा, दोन्हीचे नंबर वेगळे असतात (छत्रपती संभाजीनगरातही एक सातारा परिसर आहे, तो वेगळाच).

मग कुठली यादी वापरताय ते रेकॉर्डला सांगायचं. ६५० आणि ६५१ चा दुसरा इंडिकेटर (फिल्डच्या नंबरानंतर दोन खुणा असतात, त्यातली दुसरी) त्यासाठीच असतो. ० म्हणजे लायब्ररी ऑफ काँग्रेसचे विषय, २ म्हणजे मेडिकलवाल्यांची मेश, ७ म्हणजे यादीचं नाव डॉलर २ मधे (डॉलर म्हणजे फिल्डच्या आतला छोटा कप्पा) लिहिलंय ते बघा, आणि ४ म्हणजे कुठलीच यादी सांगितलेली नाही. आमच्याकडं सर्रास काय चालतं तर शब्द मराठीत "ऊस" आणि इंडिकेटर ०, कारण टेम्प्लेटमधे ० आधीच भरलेला असतो. हे चक्क खोटं आहे, त्या यादीत देवनागरी ऊस हा अधिकृत शब्द नाहीच. मराठी शब्द जरूर ठेवा, आपला वाचक तोच शोधणार, पण त्याला वेगळं ६५० आणि इंडिकेटर ४ द्या, आणि यादीतला शब्द त्याच्या नंबरासकट दुसऱ्या ६५० मधे. हळद, द्राक्ष, ऊस असल्या शेतीच्या पुस्तकांना एफएओची (संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि शेती संघटना) ॲग्रोव्हॉक यादी मला जास्त सोयीची वाटते, तिथं इंडिकेटर ७ आणि डॉलर २ मधे त्या यादीचा कोड.

शोधल्यावर पहिलं उत्तर उचलू नका, प्लीज. रेकॉर्ड उघडा, पर्यायी नावं वाचा, वरचा-खालचा विषय काय दिलाय बघा. माणूस असेल तर जन्मसाल आणि एखादं पुस्तक जुळतंय का बघा. विकिडेटावर (विकिपीडियावाल्यांचा खुला माहितीसाठा) तर साठे हे आडनाव आणि साठे नावाचा माणूस या दोन वेगळ्या नोंदी असतात, आडनावाचा नंबर लावून मोकळे झालेले लोक मी बघितलेत.

आता कॉपी करणं, आणि इथं जरा थांबा. ब्राउझरच्या वरच्या पट्टीतला पत्ता म्हणजे आयडेंटिफायर नव्हे! पट्टीत दिसतो तो त्या पानाचा पत्ता. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवर पट्टीत शेवटी डॉट एचटीएमएल दिसतं आणि सुरुवातीला एचटीटीपीएस, पण खरा यूआरआय, म्हणजे वेबपत्त्याच्या रूपातला आयडेंटिफायर, साध्या एचटीटीपीनं सुरू होतो आणि नंबरावर संपतो, तो पानावर यूआरआय या शीर्षकाखाली वेगळा दिलेला असतो, तिथनं घ्या. विकिडेटाच्या पट्टीत मधे विकी असं येतं, खऱ्या यूआरआयमधे तिथं एंटिटी असतं, टूल्समधल्या कन्सेप्ट यूआरआय या लिंकवर मिळतो. सुरुवातीची अक्षरंही बघायची सवय लावा, एसएच असेल तर विषय, एन असेल तर नाव, जीएफ असेल तर साहित्यप्रकार. गणित या विषयाचा नंबर एसएच ८५०८२१३९, तो लेखकाच्या १०० फिल्डमधे दिसला तर समजा कुणीतरी झोपेत काम केलंय.

बरं, टाकायचा कुठं. डॉलर ० मधे ऑथॉरिटी रेकॉर्डचा (यादीतल्या त्या नावाच्या अधिकृत नोंदीचा) नंबर किंवा यूआरआय. डॉलर १ मधे खुद्द त्या माणसाचा किंवा जागेचा, म्हणजे विकिडेटा, व्हीआयएएफ (अनेक लायब्रऱ्यांच्या नावांच्या याद्या जोडणारी यादी), ऑर्किड (संशोधकांचे नंबर) असले यूआरआय इथं. कागदावरची नोंद एक आणि माणूस एक असा तो फरक, सातबारा आणि जमीन वेगळी तसं. डॉलर ० मधे नुसता नंबर लिहीत असाल तर आधी कंसात संस्थेचा कोड, उदाहरणार्थ लायब्ररी ऑफ काँग्रेसचा डीएलसी, मग नंबर. पूर्ण यूआरआय असेल तर कंस नको. आणि कोहावाल्यांनो, डॉलर ९ मधे दिसणारा नंबर आपल्याच कोहातला घरगुती नंबर आहे, दुसऱ्या लायब्ररीला रेकॉर्ड देताना त्याचा काडीचा उपयोग नाही, त्याला आयडेंटिफायर समजू नका.

अजून एक, जे मलाही उशिरा कळलं. विषय तुकड्या-तुकड्यांचा असेल, समजा पूर, मग भारत, मग सांगली, तर डॉलर ० चा नंबर अख्ख्या ओळीचा पाहिजे. नुसत्या पूर या शब्दाचा नंबर त्या ओळीला चिकटवला तर मशीनला वाटतं की अख्खी ओळ म्हणजेच पूर. त्या ओळीचा स्वतःचा नंबर नसेल तर डॉलर ० सोडून द्या, रिकामं चालतं. नाहीतर ओसीएलसी या लायब्रऱ्यांच्या संस्थेची फास्ट यादी वापरा, तिथं विषय आणि जागा आधीच सुट्या केलेल्या असतात, प्रत्येकाला आपापला नंबर मिळतो.

एक्सेलपासून जपून. आयएसएनआय (लेखक-कलाकारांना मिळणारा आंतरराष्ट्रीय नंबर) आणि ऑर्किड १६ आकडी असतात आणि एक्सेल १५ आकड्यांपर्यंतच धड लक्षात ठेवतं, सलग लिहिलेल्या सोळाव्या आकड्याचं शून्य करून टाकतं, सुरुवातीची शून्यं तर गिळूनच टाकतं. नंबर पेस्ट करायच्या आधी कॉलम टेक्स्ट करा. शेवटी एक्स आला तर तो चुकून आलाय म्हणून पुसू नका, ते चेक कॅरेक्टर आहे, नंबर बरोबर लिहिलाय का ते तपासायचं अक्षर. आणि मी इथं आकडे मराठीत लिहिलेत म्हणून रेकॉर्डमधे तसे लिहू नका हां, तिथं इंग्रजी आकडेच पाहिजेत. आमच्याकडं मराठी कीबोर्ड चालू ठेवून एका मुलानं दिवसभर देवनागरीत नंबर भरले, डोळ्याला सगळं बरोबर, लिंक मात्र एक चालेना.

दिवसाचं काम संपलं की त्यातले पाच-दहा यूआरआय उचलून ब्राउझरमधे उघडा आणि जे नाव दिसतं ते पुस्तकाशेजारी धरून बघा. जुने नंबर कधी रद्द होतात, दुसऱ्यात मिसळतात, व्हीआयएएफमधे तर हे बऱ्यापैकी होतं, त्यामुळं वर्षातून एकदा, आम्ही मे महिन्यात पोरं सुट्टीवर असतात तेव्हा, जुन्या रेकॉर्डमधेही फेरी मारतो. जास्त रेकॉर्ड असतील तर मार्कएडिट हे मार्क रेकॉर्ड दुरुस्त करायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात आयडेंटिफायर आपोआप शोधून लावायची सोय आहे, पण ते जुळवतं ते शब्दावर. नदी की देव हे ते पुस्तक उघडून बघत नाही.