बाजारपेठेच्या इमारतींचे नियम लिहिताना

नगरपालिकेच्या पत्रात एक वाक्य हमखास असतं: ‘मुख्य पेठेतील सर्व इमारतींस एकसारखे रूप देण्यात यावे.’ मी वास्तुरचनाकार आहे, असे नियम लिहून द्यायचं काम करते, आणि पहिल्याच बैठकीत या वाक्यावर फुली मारते. त्यातून शेवटी सगळ्या दर्शनी भिंतींवर एकाच रंगाचे एसीपी (अॅल्युमिनियमचा थर असलेले) पत्रे चढतात, दुसरं काही होत नाही.

नगरपालिकेच्या कमिटीला जमलं तर मुंबईला घेऊन या. सीएसएमटीपासून फ्लोरा फाउंटनपर्यंत दादाभाई नौरोजी रस्त्यानं चालवा. जुना हॉर्नबी रोड. कुठे गॉथिक, कुठे नवअभिजात, मध्येच एखादी आर्ट डेको इमारत. वरचे मजले एकमेकांशी बोलतही नाहीत. तरी रस्ता एक वाटतो, कारण १८९६ च्या सरकारी नियमानं तिथल्या व्यापारी इमारतींना तळमजल्यावर पादचाऱ्यांसाठी सलग कमानींची वाट सोडायला लावली. तळमजल्याचं नियमानं ठरवून दिलं, वरचं मालकावर सोपवलं. आपणही तेवढंच करायचं.

सुरुवात मोजणीनं करा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढून सलग पट्टी जोडा. प्रत्येक इमारतीची जोत्याची उंची, ओट्याची खोली, पहिल्या मजल्याची पातळी, गाळ्याची रुंदी लिहा. दुपारी शटर उघडी असताना एकदा, आणि रात्री शटर पडल्यावर एकदा फिरा. रात्रीची पेठ वेगळीच दिसते. या पट्टीत जी रेषा वारंवार येते, बहुधा पहिल्या मजल्याच्या छज्ज्याची, तोच तुमचा पहिला नियम.

नियम लिहिताना ‘सुसंगत’, ‘आकर्षक’, ‘पारंपरिक शैलीतील’ हे शब्द काढून टाका. कनिष्ठ अभियंत्याला टेपनं मोजता आलं नाही, तर तो नियम नव्हे, ती शुभेच्छा झाली. मी साधारण असं लिहिते: छज्ज्याखाली किमान अडीच मीटर मोकळी वाट, शेजारच्याच्या पातळीत, मध्ये पायरी नाही. छज्ज्याचं पाणी पाइपानं खाली, गिऱ्हाइकाच्या डोक्यावर नाही. एसीचं आउटडोअर युनिट दर्शनी बाजूला नाही. प्रत्येक नियमाशेजारी त्याचं रेखाचित्र हवंच. आणि ही सोडलेली जागा चटईक्षेत्रात, म्हणजे परवानगीच्या बांधकाम क्षेत्रात, धरायची की नाही, ते त्याच कलमात लिहा. मालकाचा पहिला प्रश्न तोच असतो, आणि रास्त असतो.

खरी मारामारी पाटीवरून होते. दादाभाई नौरोजी रस्त्यावरही तसंच होतं. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस वारसा इमारती जपणाऱ्या वास्तुरचनाकार आभा नारायण लांबा यांनी तिथली मार्गदर्शक तत्त्वं तयार केली, त्यात पाट्यांचा प्रश्न मोठा होता. पाटी कमानीच्या आत बसवायची, कमान झाकायची नाही. आपल्या पेठेत कमानी नसतील तर छज्जा आणि शटर यांच्या मधला पट्टा पाटीसाठी राखा. त्याची उंची ठरवताना कंजुषी नको. राज्यात देवनागरीतली मराठी पाटी सक्तीची आहे आणि तिची अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान चालत नाहीत. वर वेलांटी, खाली उकार, शिवाय दुसरी लिपी. साठ सेंटिमीटर तरी द्याच. पाट्यांचे परवाने देणाऱ्या आकाशचिन्ह विभागाला सुरुवातीपासून बैठकीत बसवा, नाहीतर ते जुन्याच मापानं परवाने देत राहतील.

पथारीवाल्यांना विसरू नका. मोकळ्या सोडलेल्या वाटेत ते येणारच. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याखालच्या समितीशी बोलून त्यांची जागा आधीच नकाशावर दाखवा.

हे सगळं नुसत्या ठरावानं टिकत नाही. मुंबईबाहेर राज्यात बहुतेक ठिकाणी एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे, तिच्याशी विसंगत काही लिहिलंत तर पहिलाच बिल्डर कोर्टात जाईल. नियमावलीत बदल हवा असेल तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खालचा फेरबदल करावा लागतो: राजपत्रात सूचना, हरकतींसाठी महिनाभर मुदत, सुनावणी, मग शासनाची मंजुरी.

त्या महिन्यात नकाशे नगरपालिकेच्या जिन्यात लटकवू नका. पेठेतच लावा, फोटोंच्या पट्टीसकट. दुकानदार आपलं दुकान शोधतो आणि नेमकी हरकत घेतो: ‘माझं जोतं शेजाऱ्यापेक्षा वर आहे, पायरी काढू कशी?’ अशी हरकत आली की कागदावर उत्तर देण्याआधी त्याच्या ओट्यापाशी जाऊन मोजा. दोन-चार ठिकाणी उतार द्यावा लागेल. तो अपवादही मापासकट नियमात घाला.