ब्रिटनहून ठाण्यात राहायला येताना

ठाण्यात वाढलेली आणि दहा-अकरा वर्षे ब्रिटनमध्ये राहून परतणारी माणसे सहसा एका समजुतीने येतात, की शहर आपले ओळखीचेच आहे, चार दिवसांत घडी बसेल. मीही याच समजुतीने आले होते. नौपाड्यात माझे शिक्षण झाले, तलावपाळीच्या कट्ट्यावर माझ्या संध्याकाळी गेल्या, आणि तरीही परतल्यावर गॅसची जोडणी कशी घ्यावी, मुलाला कोणत्या इयत्तेत बसवावे, घरकामाच्या मावशींशी पगाराचे कसे बोलावे, यांपैकी काहीच मला ठाऊक नव्हते, कारण ठाणे सोडले तेव्हा ही कामे आई-बाबा करत होते. म्हणून पुढील सर्व सूचनांच्या आधी एवढेच सांगते, की ठाणे हे आपल्यासाठी नवे शहर आहे असे धरून यावे आणि निदान सहा महिने ते शिकण्यासाठी राखून ठेवावेत.

तयारी सामानापासून नव्हे, कागदांपासून सुरू करावी. मुलांचे ब्रिटनमधील जन्मदाखले, तिथे लग्न झाले असल्यास विवाहाचा दाखला आणि पदवीची प्रमाणपत्रे यांवर निघण्यापूर्वीच अपॉस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा परदेशात मान्य होणारा शिक्का, करून घ्यावे. हा शिक्का ब्रिटनचे परराष्ट्र खातेच देते, त्यामुळे इथे आल्यावर आठवण झाली तर कागद परत तिकडे पाठवण्यात आठवडे जातात. मुलांकडे ब्रिटिश पारपत्र असेल तर त्यांचे ओसीआय कार्डही, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे कार्ड, तिथूनच काढून आणावे. ज्यांनी स्वतः ब्रिटिश नागरिकत्व घेतले आहे त्यांनाही हेच लागू आहे, कारण भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. ओसीआय कार्डावर इथे अमर्याद काळ राहता येते आणि फ्लॅट विकत घेता येतो, पण शेतजमीन किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही आणि मतदानही करता येत नाही. आधारच्या बाबतीतही फरक आहे. भारतीय पारपत्र असलेल्यांना आल्याबरोबर अर्ज करता येतो, तर ओसीआय कार्डधारकांना आधीच्या बारा महिन्यांत १८२ दिवस भारतात राहिल्याशिवाय तो करता येत नाही. पतीकडे एक पारपत्र आणि पत्नीकडे दुसरे, अशी घरे पुष्कळ असतात. त्यांनी भाडेकरार, बँक आणि मोबाईलचे कार्ड कोणाच्या नावाने आधी घ्यायचे हे याच नियमावरून ठरवावे.

ब्रिटनचा मोबाईल क्रमांक बंद करू नये. तिथल्या बँकेचे आणि निवृत्तिवेतन योजनेचे ओटीपी त्याच क्रमांकावर येत राहतात, आणि तो हातचा गेला की स्वतःच्याच पैशांपर्यंत पोहोचण्यासाठी पत्रव्यवहार करावा लागतो. मासिक करार संपवून तो क्रमांक पे-ॲज-यू-गो योजनेवर न्यावा आणि वरचेवर त्यावरून एखादा संदेश पाठवत राहावे, म्हणजे वापरात नाही म्हणून कंपनी तो काढून घेणार नाही. निघताना ब्रिटनच्या कर खात्याला देश सोडत असल्याचे कळवणारा पी-८५ हा अर्ज द्यावा आणि नॅशनल इन्शुरन्सची, म्हणजे निवृत्तिवेतनासाठी पगारातून कापल्या जाणाऱ्या वर्गणीची, किती वर्षे भरली आहेत ते तपासून त्याची नोंद जवळ ठेवावी. नव्या योजनेनुसार सरकारी निवृत्तिवेतन मिळण्यास किमान १० वर्षे आणि पूर्ण मिळण्यास साधारणपणे ३५ वर्षे लागतात. नऊ वर्षे भरून आलेल्यांनी उरलेले एक वर्ष स्वेच्छेने भरता येते का, याची चौकशी अवश्य करावी. भारतात राहणाऱ्यांचे हे निवृत्तिवेतन दरवर्षी वाढत नाही, सुरू झाले त्या रकमेवरच थांबते, हेही हिशेबात धरलेले बरे.

पैशांविषयी आणखी थोडे. कायमचे परतल्यावर एनआरई आणि एनआरओ ही अनिवासी भारतीयांची बँक खाती निवासी खात्यांत बदलून घ्यावी लागतात. परकीय चलन तसेच ठेवायचे असेल तर आरएफसी, म्हणजे निवासी व्यक्तीचे परकीय चलनातील खाते, उघडता येते. बरीच वर्षे बाहेर राहिलेल्यांना परतल्यानंतर काही काळ आरएनओआर (निवासी, पण सामान्यतः निवासी नसलेला) हा करासाठीचा दर्जा मिळतो आणि तेवढ्या काळात परदेशातील व्याज व लाभांश यांवर भारतात सहसा कर लागत नाही. तो काळ संपला की परदेशातील प्रत्येक खाते आयकर विवरणपत्रात दाखवणे बंधनकारक असते, आणि ब्रिटनमध्ये करमुक्त असलेली आयसा ही बचत योजना इथे करमुक्त राहत नाही. तिथले करवर्ष ६ एप्रिलला सुरू होते व आपले १ एप्रिलला, त्यामुळे तिकडचे वार्षिक पत्रक जसेच्या तसे इथे चालत नाही, महिनावार उतारे लागतात. हे काम दोन्हीकडचे नियम जाणणाऱ्या सनदी लेखापालाकडेच द्यावे.

आता घर. आल्याबरोबर घर विकत घेऊ नये, हे मी अगदी कळकळीने सांगते. पौंडांचे रुपये केल्यावर रक्कम मोठी दिसते, नमुना फ्लॅट सुंदर सजवलेला असतो, आणि त्या भरात माणूस अशा ठिकाणी घर घेतो की जिथून निघायला रोज तास-दीड तास लागतो. नौपाडा, पाचपाखाडी किंवा राम मारुती रस्त्याच्या परिसरात इमारती जुन्या असतील, वाहन उभे करायला जागा कमी पडेल, पण स्टेशन, भाजी, दवाखाना आणि नाट्यगृह चालत जाण्याच्या अंतरावर असते. घोडबंदर रस्त्यावर मोठ्या सोसायट्या, बागा आणि मुलांसाठी मोकळी मैदाने आहेत, येऊरचे डोंगर खिडकीतून दिसतात. मात्र गुजरातकडे जाणारे अवजड ट्रेलर त्याच रस्त्याने जातात. कचेरी ऐरोली, रबाळे किंवा महापे या भागात असेल तर ठाण्याच्या हट्टाने राहू नये. ट्रान्स-हार्बर मार्गाने ठाण्याहून ऐरोली जवळ आहे हे खरे, परंतु ऐरोली, घणसोली, वाशी ही सिडकोने आखलेली उपनगरे आहेत, तिथे सेक्टरवार रस्ते आणि पदपथ आहेत, आणि ब्रिटनमध्ये मुलांना पायी शाळेत नेण्याची सवय झालेल्या पालकांना ती अधिक सोयीची वाटतात. घर पक्के करण्यापूर्वी सोमवारी सकाळी साडेआठला त्या इमारतीच्या फाटकातून निघून कचेरीपर्यंत एकदा प्रत्यक्ष जाऊन यावे. रविवारी दुपारी घर पाहून निर्णय घेणे म्हणजे फसगत ठरलेलीच.

पाण्याची चौकशी दलालाकडे करू नये. आमच्या पहिल्या घराच्या वेळी दलालाने चोवीस तास पाणी असल्याचे सांगितले होते, आणि नळाला पाणी खरोखर येतही होते. मे महिन्यात रात्री दोन वाजता टँकरच्या पंपाचा आवाज ऐकून जाग आली तेव्हा ते पाणी कुठून येते हे आम्हाला कळले. पुढच्या महिन्याच्या देखभाल खर्चात टँकरची वेगळी रक्कम लागून आली. म्हणून वॉचमनला विचारावे की उन्हाळ्यात दिवसाला किती टँकर येतात, आणि सोसायटीच्या सेक्रेटरींना मागील एप्रिल-मेच्या हिशेबात टँकरची रक्कम दाखवण्याची विनंती करावी. दोघेही सहसा खरे सांगतात.

भाडेकरार, म्हणजेच लीव्ह अँड लायसन्स, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ नुसार लेखी आणि नोंदणीकृत असणे सक्तीचे आहे. बहुतेक करार अकरा महिन्यांचे असतात. नोंदणी घरबसल्या होते. प्रतिनिधी अंगठ्याचे यंत्र आणि कॅमेरा घेऊन येतो, मालक आणि भाडेकरू दोघांचे ठसे घेतो. नोंदणी शुल्क शहरी भागात १,००० रुपये असते व मुद्रांक शुल्क कराराच्या एकूण रकमेवर ०.२५ टक्के. भाडेकरूची पोलीस पडताळणी आणि सोसायटीचे ना-हरकत पत्र यांशिवाय सामानाचा ट्रक फाटकातच अडतो, त्यामुळे ही दोन्ही कामे सामान हलवण्याच्या आधी उरकावीत. डिपॉझिटमधून घर सोडताना रंगकामाचे पैसे कापणार का, हेही करारातच लिहून घ्यावे. वीज ठाण्याच्या बहुतेक भागांत आणि नवी मुंबईत महावितरणची असते, तर कळवा-मुंब्रा परिसरात ती टोरेंट पॉवर ही खासगी कंपनी पाहते. नळाचा गॅस महानगर गॅसचा.

समुद्रमार्गे पाठवलेले सामान न्हावा-शेव्याला उतरते. ते पावसाळ्यात पोहोचेल अशा बेताने पाठवू नये, कारण पुस्तके, चामड्याचे जोडे आणि लोकरीचे कपडे जुलैच्या दमट हवेत पेटीतच बुरसतात. विजेची उपकरणे मात्र निःशंकपणे आणावीत, कारण दोन्ही देशांत विद्युतदाब २३० व्होल्ट आणि वारंवारता ५० हर्ट्झ आहे. फरक फक्त पिनांचा. आमच्या इमारतीतल्या इलेक्ट्रिशियन काकांनी आमच्या किटलीचा चौकोनी पिनांचा प्लग उघडला, आतला छोटा फ्यूज काढून माझ्या मुलाच्या तळहातावर ठेवला, आणि तीन वायरींपैकी तपकिरी ती फेज, निळी ती न्यूट्रल, हिरवी-पिवळी ती अर्थ, असे त्याला एकेक बोट लावून सांगत गोल पिनांचा सोळा अँपिअरचा प्लग बसवला. ब्रिटिश किटली तीन हजार वॅटची असते, म्हणजे ती तेरा अँपिअर वीज ओढते. स्वस्त ॲडॉप्टर लावून ती लहान सॉकेटवर चालवली तर सॉकेट वितळते. तिथल्या प्लगमध्ये असणारा फ्यूज इथल्या प्लगमध्ये नसल्यामुळे घरातील एमसीबी, म्हणजे जास्त वीज ओढली गेल्यास प्रवाह तोडणारी कळ, नीट चालते आहे याची खात्रीही काकांकडून करून घ्यावी.

मुलांच्या शाळेचा प्रश्न पालकांना सर्वांत जास्त छळतो. ब्रिटनमध्ये मूल पाचव्या वर्षी इयर वनमध्ये जाते आणि आपल्याकडे पहिलीसाठी सहा वर्षे पूर्ण असावी लागतात, त्यामुळे इयर फोरमधील आठ वर्षांच्या मुलाला इथे तिसरीत प्रवेश मिळतो. मूल मागे पडले असे मुळीच समजू नये. ते आपल्याच वयाच्या मुलांत बसलेले असते. इथल्या शाळा सोडल्याचा दाखला मागतात आणि ब्रिटनमधील शाळा तसा दाखला देत नाहीत. निघण्यापूर्वी मुख्याध्यापकांकडून शाळेच्या छापील कागदावर, प्रवेशाची व सोडल्याची तारीख, इयत्ता आणि जन्मतारीख असलेले सही-शिक्क्याचे पत्र मागून घ्यावे. मंडळ कोणतेही असो, महाराष्ट्रात २०२० च्या कायद्यानुसार शाळेत मराठी शिकवणे सक्तीचे आहे. लिपीची भीती वाटू नये म्हणून निघण्याआधी सहा महिने रोज दहा मिनिटे बाराखडी गिरवून घेतली तर पुष्कळ होते. बोलणे मुले खाली खेळायला गेल्यावर शिकतात. आमचा सात वर्षांचा मुलगा जूनमध्ये आवारातल्या मुलांना इंग्रजीतून उत्तरे देत असे. गणपतीपर्यंत तो जिन्यातून ‘माझी बॅटिंग राहिलीये रे’ असे ओरडत धावू लागला.

आरोग्याच्या बाबतीत सवय मुळापासून बदलावी लागते. एनएचएस या ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेची पाखर डोक्यावरून गेलेली असते, म्हणून आरोग्य विमा पहिल्या महिन्यातच घ्यावा. आधीपासून असलेल्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंतचा प्रतीक्षाकाळ असू शकतो आणि तो जितक्या लवकर सुरू होईल तितका चांगला. जीपीकडून, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरांकडून, संपूर्ण वैद्यकीय नोंद आणि मुलांचे लाल लसीकरण पुस्तक घेऊन यावे. टायफॉईड आणि हिपॅटायटिस-ए यांच्या लसी ब्रिटनच्या नेहमीच्या वेळापत्रकात नसतात, तेव्हा इथल्या बालरोगतज्ज्ञांना त्याविषयी विचारावे. नियमित औषधांची नावे ब्रँडने नव्हे तर मूळ औषधाच्या नावाने लिहून आणली की नाक्यावरचा औषधविक्रेता लगेच ओळखतो. पावसात तुंबलेल्या पाण्यातून चालत यावे लागले आणि पायाला जखम असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे, लेप्टोचा, म्हणजे दूषित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचा, धोका खरा आहे.

घरकामाला येणाऱ्या मावशींशी पहिल्याच दिवशी काम, वेळ, पगार, आठवड्याची सुट्टी आणि दिवाळीचा बोनस यांविषयी स्पष्ट बोलावे. बोनस एका महिन्याच्या पगाराइतका देण्याची रीत आहे. आठवड्याची सुट्टी देण्याची रीत सगळीकडे नाही, पण ती द्यावी आणि त्या दिवसाचा पगार कापू नये. ब्रिटनमध्ये आपण स्वतः सुट्टीचा हक्क उपभोगून आलो आहोत.

ओळखी होण्यास वेळ लागतो, आणि इथे मोठ्या संकुलांत तो जुन्या चाळींपेक्षा अधिक लागतो. आठवड्यातले एखादे काम ठरवून बाहेर पडावे. १८९३ साली स्थापन झालेल्या मराठी ग्रंथसंग्रहालयाचे सभासद व्हावे, गडकरी रंगायतन किंवा घाणेकर नाट्यगृहातील प्रयोगाला जावे, पाडव्याच्या स्वागतयात्रेत नुसते बघत उभे न राहता सोसायटीच्या लोकांबरोबर चालावे.

आई-वडिलांसाठी परतलेल्यांना एक विनंती आहे. त्यांचे वेळापत्रक आपल्या येण्याने मोडू देऊ नये. आम्ही आल्यावर बाबांची औषधे, बँक, बाजार, सारे हातात घेतले, आणि दोन महिन्यांत त्यांचे बाहेर पडणेच थांबले. मग बाजार त्यांच्याकडे परत दिला. आता सकाळी साडेसहाला ते तलावपाळीला फेरी मारायला निघतात तेव्हा मी बरोबर जाते, आणि येताना जांभळी नाक्यावर भाजी तेच निवडतात, भावही तेच करतात, मी पिशवी धरते.