बाहेरून आलेल्या कामगारांच्या पोरांची तपासणी कशी करून घ्यायची

साईटवर नाहीतर वाड्यावरच्या भाड्याच्या खोल्यांत नवीन कुटुंबं आली, रायचूरची म्हणा, ओडिशा-झारखंडची म्हणा, की मोठ्यांचं हेल्थ कार्ड कॉन्ट्रॅक्टर करून घेतो कारण गोव्यात ते कायद्यानेच लागतं, पोरांकडे मात्र कोण बघतच नाही.

आधी लसीचं कार्ड विचारा. ते बहुतेक गावालाच राहिलेलं असतं, मग आईला म्हणा घरी फोन लाव आणि फोटो मागव. नाहीच मिळालं तर डाव्या दंडावर बीसीजीचा (जन्मल्यावर देतात त्या टीबीच्या लसीचा) व्रण आहे का बघा, पण व्रण दिसला म्हणून बाकीच्या लसी झाल्या असं समजू नका. पुरावा नसेल तर लस झालीच नाही असं धरून देतात, परत दिल्याने अपाय होत नाही. आणि मधला डोस चुकला असेल तर पहिल्यापासून सुरुवात नाही, राहिलेलं पुढे चालू. गोवर-रुबेलाची लस राहिली असली तर ५ वर्षांपर्यंत मिळते.

ताप असेल तर त्याच दिवशी मलेरियाचं रक्त तपासा, क्रोसिन देऊन वाट बघत बसू नका, खास करून पोर ओडिशा-झारखंडकडून आलं असेल तर. त्या भागातल्यांची सिकलसेलची (रक्ताचा आनुवंशिक आजार) तपासणी पण मागा, हिमोग्लोबिन बघतातच तेव्हा एकदम होऊन जाते. २ आठवड्यांवर खोकला किंवा वजन घटतंय तर टीबीचं स्पष्ट विचारा.

६ महिने ते ५ वर्षांच्या पोरांचा दंड अंगणवाडीताई पट्टीने मोजते, साडेअकरा सेंटीमीटरच्या खाली आला तर थांबायचं नाही, लगेच डॉक्टर. जंताची गोळी, खरूज, डोळे-कान हे त्याच फेरीत.

त्याच फेरीत का, तर आईचा रोज बुडतो आणि दुसऱ्यांदा ती येणार नाही, त्यामुळे पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) लसीचा वार कुठला ते आधी विचारून सगळं त्याच दिवशी लावा. कन्नड नाहीतर हिंदी येणारं कोणीतरी सोबत न्या. दीनदयाळ कार्ड (गोवा सरकारच्या आरोग्य विम्याचं) नाही म्हणून लोक घाबरतात, पण पीएचसीतल्या लसीला ते लागतच नाही.

काम संपलं की ही माणसं दुसऱ्या साईटवर जातात, म्हणून नवीन कार्डाचा फोटो आई आणि बाप दोघांच्याही मोबाईलवर टाकून द्या.